यादी कुणी ठरवली?

'शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, नाही ते बंधनकारक नाही, परंपरा ही माणसांची भर' असं जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या बाजूने म्हटलं जातं. चर्चने पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकण्याबाबत ते एकदम मान्य. पण शास्त्रात कोणती पुस्तकं येतात, ते शास्त्र स्वतः सांगत नाही. हा प्रश्न १५१९ मध्ये ल्यूथरच्या लाइपझिगमधल्या जाहीर वादातच निघाला होता. योहान एक या कॅथलिक पंडिताने शुद्धिस्थानासाठी (मृत्यूनंतर आत्मे शुद्ध होतात ती अवस्था) मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकाचा दाखला दिला, तर ल्यूथरचं उत्तर होतं की ते पुस्तक प्रमाण यादीतलंच नाही. पुढे १५२२ च्या जर्मन नव्या करारात त्याने इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण अगदी शेवटी ढकलली आणि अनुक्रमणिकेत त्यांना क्रमांकही दिले नाहीत. नव्या कराराची आजची २७ पुस्तकं नेमकी मोजलेली दिसतात ती अथनासियसच्या ३६७ मधल्या पत्रात, म्हणजे एका बिशपच्या पत्रात!

अर्थात कॅथलिक बाजूनेही फार छाती फुगवू नये. ल्यूथरची चौकशी करणारा कार्डिनल कायेतान स्वतः बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमच्या मताचा होता: मक्काबीसारखी पुस्तकं वाचावीत, पण त्यांवरून सिद्धांत ठरवू नयेत. रोमने मक्काबीसकटची यादी सर्वांवर बंधनकारक केली ती कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेत, १५४६ मध्ये. तोवर ल्यूथर वारलासुद्धा होता.