महापुरातला आठ दिवसांचा पगार आणि 'कायद्यात बसत नाही'

मिनिटवाला:
मंडळी, जरा डोकं लावा. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावात एका फौंड्रीच्या, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याच्या ऑफिसात असतो, नाव विचारू नका, नोकरी हाय. बोर्ड मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त, टाईप करायचं काम माझ्याकडं. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा कारखान्यात पाणी नव्हतं, पण ठेकेदाराची ६४ पोरं शिरोळ तालुका आणि चिखली, आंबेवाडीकडची, आठ दिवस येऊच शकली नाहीत. परमनंटवाल्यांच्या रजा ॲडजस्ट झाल्या, यांना मात्र नो वर्क नो पे. एका डायरेक्टरनी विषय काढला की द्या हो, रोजच्या ४५० रुपये हजेरीनं सगळ्यांचे आठ दिवसांचे २ लाख ३० हजार होतात, तर दुसरे म्हणाले कायद्यात बसत नाही, सीएसआरमधूनही (कंपनीनं नफ्यातनं समाजासाठी करायचा खर्च) देता येत नाही, पैसा शेअरहोल्डरांचा हाय. विषय तिथंच संपला. त्याच वर्षी सीएसआरमधून एका शाळेला बाकं दिली आणि प्रत्येक बाकावर कंपनीचं नाव. यंदा पावसाळ्याआधी विषय परत काढायचा म्हणतायत ते पहिले डायरेक्टर, म्हणून विचारतोय, बोर्डाचं चुकलं का?

हिशेबनीस:
चुकलं कसं? कंपनी कायद्यातलं सीएसआरचं कलम १३५ बघा, नेटवर्थ ५०० कोटी, टर्नओव्हर १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा. त्यात आपल्याच कामगारांच्या फायद्याचा खर्च धरत नाहीत. कोरोनात एप्रिल २०२० ला केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं परिपत्रक काढलं, लॉकडाऊनमधला पगार म्हणजे सीएसआर नव्हे, रोजंदारीवाल्यांचाही नाही. पगाराच्या वर काही सानुग्रह दिलं तर रोजंदारीवाल्यांपुरतं चालेल म्हणाले, तेही एकदाच. त्यामुळं ते डायरेक्टर बरोबर बोलले.

शिरोळकर:
सीएसआरमध्ये बसत नाही हे बरोबर, पण म्हणून देताच येत नाही हे कुठनं आलं? खर्चात टाका की. दिवाळीला डीलरना सोन्याची नाणी देताना कुठलं कलम लागतं? आमच्या घरात तेव्हा कमरेएवढं पाणी होतं, म्हशी छावणीत, आणि चुलत भाऊ असल्याच एका कारखान्यात ठेक्यावर. सुपरवायझरचा फोन, येणार का नाही सांग, नाहीतर दुसरा माणूस घेतो. त्याला म्हटलं बोट पाठव.

फौंड्रीवाला ३०४:
मी स्वतः शिरोलीत छोटं युनिट चालवतो, मला व्हिलन म्हणा हरकत नाही. पुरात हायवे बंद, माल अडकला, मोठ्या कंपनीकडनं पेमेंट ९० दिवसांनी आणि बँकेचं व्याज रोजचं. २ लाख ३० हजार म्हणजे काहीच नाही असं बाहेरच्याला वाटतं. आणि डायरेक्टरला एवढाच कळवळा असला तर मीटिंगला बसायची सिटिंग फी सोडावी की, दुसऱ्याच्या पैशानं पुण्य कसलं कमवताय? सहकारात संचालक मंडळ सभासदांच्या पैशानं उदार होतं तेव्हा तुम्हीच शिव्या घालता.

रंकाळ्यावरची:
सिटिंग फीचा मुद्दा पटला बरं का. पण हिशेबनीस, तुम्ही १३५ वाचलं आणि १६६ वर पान उलटलंच नाही. डायरेक्टरनं कंपनीच्या, तिच्या कर्मचाऱ्यांच्या, शेअरहोल्डरांच्या, समाजाच्या हितासाठी आणि पर्यावरणाच्या रक्षणासाठी सद्भावनेनं वागावं, असं २०१३ च्या कंपनी कायद्यातच लिहिलंय. आणि १८१ प्रमाणं खऱ्या धर्मादाय निधीला बोर्ड स्वतःच्या अधिकारात देऊ शकतं, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांवर गेलं तरच सर्वसाधारण सभेची परवानगी. म्हणजे दार उघडंच हाय, आत जायची इच्छा नाही, आणि बोट दाखवायचं कायद्याकडं.

हिशेबनीस:
१६६ मध्ये पाच जणांचं हित एका ओळीत घातलंय पण भांडण लागलं तर आधी कुणाचं, ते कुठं लिहिलंय? तिथंच तर बोर्ड अडकतं. आणि १८१ निधीसाठी हाय, हजेरीसाठी नाही.

कोर्टाची पायरी:
एक बोचरा मुद्दा कुणीच काढला नाही. कंपनीनं ठेकेदाराच्या माणसांना थेट पैसे दिले की उद्या ती माणसं म्हणणार आम्ही तुमचेच कामगार, ठेका नुसता कागदावर, आणि हाच व्हाउचर पुरावा म्हणून लावणार. वकील बोर्डाला 'देऊ नका' सांगतात ते मन दगडाचं हाय म्हणून नाही.

दुसरी बाजू पण सांगतो. त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्यात नैसर्गिक आपत्तीमुळं काम देता आलं नाही तर ले-ऑफ, म्हणजे तात्पुरती कामबंदी, धरत होते, पात्र कामगाराला निम्मा पगार. पण अट काय, तर कामगारानं रोज एकदा तरी कामाच्या वेळेत कारखान्यात हजर व्हायचं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला धोका पातळी, पाणी त्याच्याही वर, आणि हा गडी चिखलीतनं पोहत हजेरीला यायचा काय!

फौंड्रीवाला ३०४:
ठेकेदारामार्फत द्या म्हणाल तर त्याच्या हातात दिलेले निम्मे गळणार, लिहून ठेवा.

शिरोळकर:
मग बँक ट्रान्सफरचा पुरावा आणल्याशिवाय त्याचं बिल पास करू नका. पीएफ भरल्याचं चलन मागता की नाही दर महिन्याला? तसंच हे. सानुग्रह म्हणून ठराव करा, पगार शब्दच नको. आणि शाहू महाराजांच्या जिल्ह्यात राहतो आपण, दुष्काळात महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं काढली, त्यांना कुठलं कलम होतं?

फौंड्रीवाला ३०४:
महाराज राज्य चालवत होते भावा, प्रायव्हेट लिमिटेड नाही. दरवेळी महाराजांना मधी आणू नका.

रंकाळ्यावरची:
ते बरोबर. पण पूर गेल्यावर चिखल काढून पहिल्या दिवशी भट्टी पेटवायला कोण आलं होतं, मिनिटवाले? तो हिशेब शेअरहोल्डरांना सांगता येईल की, नवीन मोल्डर, म्हणजे साचे करणारा कारागीर, तयार करायला किती महिने जातात ते. धंद्याचंच हित हाय ते, दानधर्म नव्हे.

मिनिटवाला:
त्यातली ४१ आली होती परत. बाकीची पुण्याला गेली, चाकणला वगैरे. तेव्हा दोन महिने रिजेक्शन, म्हणजे नापास माल, वाढलं होतं, ते क्वालिटीच्या रिपोर्टात हाय, पण त्याचं कारण कुणी लिहिलं नाही. काल जुने मिनिट्स काढून बघितले, एवढ्या वादाची एकच ओळ सापडली, 'मनुष्यबळ पुरवठा विषयावर चर्चा झाली, नोंद घेतली.' मीच टाईप केलेली. कोर्टाची पायरी, ठेकेदारामार्फत सानुग्रह आणि बिलाला बँकेचा पुरावा, असा ठरावाचा मसुदा लिहून दिला तर बघाल का?

कोर्टाची पायरी:
बघतो, पाठवा. आणि त्या मनुष्यबळ पुरवठ्याच्या जागी ६४ कामगार असं लिहा.

फौंड्रीवाला ३०४:
मलाही पाठवा मसुदा. देणार हाय असं नाही म्हणत, बघतो नुसतं.