जुनी जिप्सी टप्प्याटप्प्याने ऑफरोडसाठी तयार करायची आहे, सुरुवात कुठून?

घाटवाट_७

मंडळी, २००७ ची जिप्सी किंग आहे. हार्ड टॉप, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं), इंजिन ठणठणीत. टायर २०५/७० आर १५, झिजत आलेले. साठच्या पुढे खड्डा लागला की स्टिअरिंग जोरात थरथरतं, वेग कमी केल्यावरच थांबतं. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओल दिसते.

वापर म्हणाल तर पावसाळ्यात मावळ-मुळशीकडचे कच्चे रस्ते, उन्हाळ्यात कोकणातल्या जांभ्याच्या वाटा, पुढेमागे स्पिती. पैसे एकदम घालणार नाही, दीड-दोन वर्षांत थोडे थोडे. गॅरेजवाला म्हणतो, आधी दोन इंच लिफ्ट (गाडी चाकांवर उंच करणं) आणि २३५ चे टायर, बाकी मागाहून बघू. हा क्रम बरोबर आहे का? आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी मोटरची चरखी) कधी घ्यावा?

पाटेकमान

हा क्रम म्हणजे आधी कळस मग पाया. लिफ्ट राहू द्या. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं पुढच्या नकलकडे (ॲक्सलच्या टोकाचा, चाक वळवणारा सांधा) बोट दाखवतात, आणि ते तसंच ठेवून मोठं चाक लावलंत तर थरथर वाढणार.

घरीच तपासा. मागच्या चाकांना अटकण लावून पुढचं चाक जॅकवर घ्या. टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खडखड जाणवली तर दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले (सैलपणा) गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे. तरीही राहिला तर किंगपिनची (नकल ज्यावर फिरतं ती खीळ) बेअरिंगं गेलीत, कारण ब्रेकने हब आणि नकल एकत्र जखडले जातात आणि मग हलायला किंगपिनच उरतो. त्यानंतर चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. तिथला प्ले स्टिअरिंगच्या दांड्यांचा, म्हणजे टाय रॉडच्या टोकांचा किंवा ड्रॅग लिंकचा, नाहीतर स्टिअरिंग बॉक्सचा.

किंगपिनला वर-खाली टेपर बेअरिंगं असतात आणि टोपीखाली शिम, म्हणजे पातळ चकत्या. बरेच मेकॅनिक एखादी शिम काढून टोपी आवळतात आणि गाडी परत देतात. बेअरिंगच्या वाटीत रोलरचे ठसे उमटले असतील तर त्याने काही साधत नाही. स्टिअरिंग सरळ असताना खाचेत बसतं आणि वळताना अडखळतं. बेअरिंगं नवीन टाका, मग शिम अशी बसवा की नकल हाताने फिरवताना दोन्ही टोकांपर्यंत एकसारखं जड लागेल. स्टिअरिंग डॅम्पर लावून थरथर झाकायचा सल्ला मिळेल. ऐकू नका, प्ले तसाच राहतो.

आता ती ओल. बोटावर घेऊन वास घ्या. गंधकासारखा उग्र दर्प आला तर ते गिअर ऑइल, म्हणजे ॲक्सलच्या नळीच्या टोकाचं आतलं सील गेलंय. तेल नकलमध्ये उतरतं, ग्रीस पातळ होतं आणि वाहत डिस्कवर गेलं की ब्रेक एका बाजूला ओढतो. किंगपिनसाठी नकल उघडावंच लागतं, तेव्हाच सील बदला, आतला जॉइंट डिझेलने धुऊन गोळ्यांच्या खाचा बघा आणि नवीन मॉली ग्रीस भरा. दोन्ही बाजूंचं एकदम करा, मजुरी वाचते.

त्याच दिवशी चारही ठिकाणची तेलं बदला. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसला (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा डबा) जीएल-४ प्रतीचं गिअर ऑइल, साधारण दोन-अडीच लिटर. दोन्ही डिफरन्शियलला (ॲक्सलमधला गिअरचा डबा) मिळून जीएल-५ चार लिटर पुरे. गिअरबॉक्सला जीएल-५ नको, त्यातलं रसायन पितळी सिंक्रो रिंगला बाधतं. आधी भरायचा बोल्ट सैल होतोय ना बघा, मगच खालचा काढा. वरचा जाम निघाला तर तेल सांडून बसाल. जुनं तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय.

रबरमाती

वरचं सगळं झाल्यावर टायर. आकडे समोर ठेवूनच ठरवा. २०५/७० चा व्यास सुमारे ६६८ मिमी, २१५/७५ चा ७०४, २३५/७५ चा ७३४. डिफरन्शियलखालची उंची फरकाच्या निम्मीच वाढते: २१५ ला १८ मिमी, २३५ ला ३३. उलट गिअरिंग तेवढंच उंचावतं. २३५ ला जवळजवळ दहा टक्के, म्हणजे मीटरवर ६० दिसताना गाडी ६६ ने पळते आणि घाटात तिसऱ्याऐवजी दुसरा टाकावा लागतो. १३०० सीसीच्या इंजिनाला ते जाणवतं.

२१५/७५ लिफ्टशिवाय बसतो. तुमच्या वापराला ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा, दोन्हीसाठीचे) घ्या. मड टेरेन काळ्या चिकणमातीत सरस खरा, पण ओल्या डांबरी घाटात ब्रेकिंगला कमी पडतो, आणि तुमचा अर्धा प्रवास डांबरावरच आहे.

हवेचा दाब टायरइतकाच महत्त्वाचा. कच्च्या रस्त्यावर १८-२० पीएसआय, चिखलात किंवा वाळूत १५ पर्यंत. ट्यूब असेल तर १८ च्या खाली जाऊ नका. टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. जांभ्यावर २० च्या खाली नकोच, कडा धारदार असतात आणि फुगलेली बाजू कापली जाते. परत हवा भरायला बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर हवा, विंचच्या कितीतरी आधी.

घाटवाट_७

ब्रेक दाबून बघितलं, प्ले राहतो. म्हणजे किंगपिनच. टायर २१५/७५ नक्की. पण पाटे (लीफ स्प्रिंग) फार कडक वाटतात. लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) लावले तर स्वस्तात उंची मिळते म्हणतात, ते करावं का?

पाटेकमान

दोन इंच लांब शॅकलने उंची एकच इंच वाढते. जिप्सीचा पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो, त्यामुळे तो लांब केला की ॲक्सल पुढे कलतो, कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा कल) कमी होतो आणि गाडी रस्त्यावर भरकटते. मग कोनाच्या पाचरी घाला, ब्रेकचे होज लांब करा, असं एकातून एक काम निघत जातं.

कडकपणाचं कारण बहुतेक वेळा पानांमधला गंज असतो. पाटे उतरवा, पानं सुटी करून तारेच्या ब्रशने घासा, ग्रॅफाइट ग्रीस लावा, सगळे बुश नवीन टाका. उतरवलेले यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला जखडणारे) पुन्हा वापरू नका. आणि एक गोष्ट हमखास चुकते: शॅकलचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच आवळायचे. गाडी हवेत असताना आवळले की रबर पिळलेलंच जखडतं आणि काही महिन्यांत फाटतं. दोन-तीनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा. एवढ्यावर गाडी कशी चालते ते बघून लिफ्टचं ठरवा, बऱ्याचदा गरज उरत नाही.

चिखलयात्री

दोन-तीन गोष्टी राहिल्या. पावसाळ्याआधी ॲक्सलचे ब्रीदर (हवा जायची छिद्रं) होज लावून बॉनेटखाली वर न्या. तापलेलं डिफरन्शियल ओढ्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. रबरी नळी आणि क्लिपा, खर्च किरकोळ.

फ्रीव्हील हब (पुढची चाकं ॲक्सलला जोडायची-सोडायची कळ) महिन्यातून एकदा तरी लॉक करून फिरवा, नाहीतर गंजून बसतात. दोन्ही हब लॉक झाल्याची खात्री केल्याशिवाय लो रेंज (जास्त जोराचे हळू गिअर) टाकू नका. नाहीतर सगळा जोर मागच्या ॲक्सलवर येतो. सुक्या डांबरावर फोर व्हीलही नको, मध्ये डिफरन्शियल नसल्याने ट्रान्समिशन ताणलं जातं.

विंच सगळ्यात शेवटी. पूर्ण भारावर तो तीन-चारशे अँपिअर ओढतो, त्याला मोठी बॅटरी लागते, आणि ते सगळं वजन पुढच्या पाट्यांवर येतं. आधी चासीला बोल्ट केलेले रिकव्हरी पॉइंट (गाडी ओढायचे हुक) पुढे-मागे, एक कायनेटिक (ताणला जाणारा) दोर, तो अडकवायला दोन शॅकल (पाट्याचे नव्हे, लोखंडी कड्या), फावडं. टो बॉलला (ट्रेलर जोडायचा गोळा) दोर अडकवून झटका देऊ नका, गोळा तुटून गोळीसारखा येतो.

लोखंडी बंपर गार्डचा विचार असेल तर सोडा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन ठरवून राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. तुमच्या गाडीचं पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण पाच वर्षांचं, म्हणजे २०२७ च्या सुमारास पुन्हा तपासणीला उभी राहणार. मूळ रिम, पाटे आणि बंपर विकू नका, घरी नीट ठेवा.