मिश्र भंगाराला कॉम्पॅटिबिलायझर: उपाय की पळवाट?

भोसरीकर
गेली अकरा वर्षं प्लास्टिकच्या भंगारातून दाणा काढतोय, म्हणजे भंगार वितळवून नव्या वस्तूंसाठी कच्चा माल. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आणि एलडी (पॉलिइथिलीनची, म्हणजे पीईची एक जात) मिसळलेला माल आला की हल्ली जो तो सांगतो, "तीन टक्के कॉम्पॅटिबिलायझर टाका, काम होतं." म्हणजे न जुळणाऱ्या दोन प्लास्टिकना एकमेकांत धरून ठेवणारं औषध. टाकलं. पुरवठादाराने मॅलेइक ग्राफ्टेड पॉलिइथिलीन दिलं होतं, म्हणजे साखळीला मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पीई. त्या दाण्याच्या बादल्या काढल्या, तर पाण्याने भरून उचलली की कडीच्या कानापाशी तुटायची. तुटलेल्या जागी नख लावलं की पापुद्रे सुटत होते, कांद्यासारखे. माल निवडायची मेहनत टाळायला काढलेली ही पळवाट आहे, असं माझं ठाम मत झालंय. आधी माल वेगळा करा, मग दाणा काढा.

लॅबवाली
दादा, पापुद्रे खरे आहेत, पण दोष औषधाचा नाही, चुकीच्या औषधाचा आहे. मॅलेइकला धरायला समोर काहीतरी लागतं. नायलॉनच्या साखळीच्या टोकाला अमाइन नावाचा गट असतो, त्याच्याशी मॅलेइकची एक्स्ट्रूडरमध्येच (माल वितळवून ढकलणाऱ्या मशीनमध्ये) रासायनिक गाठ बसते. पीपी आणि पीई दोन्ही नुसते कार्बन-हायड्रोजन, तिथे गाठ मारायची कशाला? ते आपलं पीईत जाऊन बसतं आणि दोघांमधली सीमा तशीच उघडी राहते. या जोडीला ब्लॉक कोपॉलिमर हवा: एकाच रेणूत एक तुकडा पीपीसारखा, एक पीईसारखा, म्हणजे दोन्हीकडे पाय रोवता येतात. 2017 मध्ये कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांच्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं, की चार तुकड्यांचा असा रेणू अवघा 1 टक्का घातला तरी ठिसूळ मिश्रण चिवट होतं.

आणि वेगळा करा म्हणता, तो कसा? पीपीची घनता 0.90 च्या आसपास, एलडीची 0.92. पाण्याच्या टाकीत पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) आणि पीव्हीसी तळाला जातील, हे दोघे मात्र वरच तरंगणार.

भोसरीकर
टाकीत होत नाही, हाताने होतं. आमच्याकडच्या बायका तुकडा वाकवून, वाजवून सांगतात पीपी की एलडी. क्वचितच चुकतात. तुमच्या महागड्या रेणूला जे पैसे मोजायचे, ते त्यांच्या मजुरीत गेलेले मला चालतील. शिवाय मासिकात छापलेला रेणू भोसरीत किलोवर मिळत नाही.

वसई_मोल्डर
दोघांनीही मशीनचं नाव काढलं नाही. सिंगल स्क्रूवर, म्हणजे एकाच स्क्रूच्या एक्स्ट्रूडरवर, हे मिश्रण नीट फुटतच नाही, एकाचे मोठाले थेंब दुसऱ्यात राहतात. थेंब बारीक झाले तरी वितळलेला माल बॅरलमध्ये रेंगाळला की ते पुन्हा एकमेकांना चिकटून मोठे होतात. कॉम्पॅटिबिलायझरचं अर्धं काम हे चिकटणं थांबवण्याचं आहे. पण कॉम्पॅटिबिलायझर जुना माल नवा करत नाही. दर फेरीला पीपीच्या साखळ्या तुटतात, एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचं माप) चढतो. पीईच्या साखळ्या मात्र एकमेकींत अडकतात. त्याला अँटिऑक्सिडंट लागतं. त्यामुळे मी भोसरीकरांच्या बाजूने. निवडलेल्या मालासारखं सुख नाही.

लॅबवाली
हे सगळं मान्य. बादलीच्या भंगाराला हाताने निवडणं जमत असेल तर ते उत्तमच, त्या बायकांचं कसब मीही पाहिलंय. पण खाद्यतेलाचा पाउच घ्या. कितीतरी पाउचमध्ये आत-बाहेर पीई, मध्ये नायलॉन, आणि त्यांना धरून ठेवणारे चिकट थर. कागदाएवढा पातळ. तो कोण सोलणार? जगातली सर्वात हुशार बोटंसुद्धा नाही. असा माल आज सिमेंटच्या भट्टीत जळायला जातो. तुमच्याकडे फसलेलं तेच मॅलेइक इथे चपखल बसतं, कारण समोर नायलॉन आहे. त्या चिकट थरात बहुतेकदा हीच जात असते. फक्त माल आधी नीट वाळवा. नायलॉन पाणी ओढतं, आणि ओलाव्यात वितळवलं की त्याच्या साखळ्या तुटतात. सरसकट "पळवाट" म्हणून आपण हा माल जाळण्यावर शिक्कामोर्तब करतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भोसरीकर
पाउचचं पटलं ताई. तो माल आम्ही दारातूनच परत पाठवतो, हे खरंय. बादलीबद्दल मात्र मागे हटत नाही. असं करू: पाउचचा पन्नास किलो चुरा मी धुऊन वाळवून ठेवतो, ट्विन स्क्रू (दोन स्क्रूचा एक्स्ट्रूडर) वसईवाल्यांकडे असेल तर त्यांच्याकडे काढू. अर्धा मॅलेइक घालून, अर्धा तसाच. दोन्हींच्या बादल्या पाण्याने भरून रात्रभर टांगून ठेवतो आणि सकाळी दोन्ही कानांचे फोटो इथेच टाकतो.

वसई_मोल्डर
ट्विन स्क्रू आहे. रविवारी रिकामा असतो, माल घेऊन या.