सल्ला हवा: झाड उजेडाकडे वळतं हे ८ दिवसांत कसं दाखवू?

अबोली:
लेक सातवीत आहे, विज्ञान प्रदर्शनात खोड उजेडाकडे आणि मूळ खाली जातं हे दाखवायचंय. पंधरा दिवस मनीप्लांट खिडकीत ठेवला पण काही म्हणजे काही हललं नाही, पोरगी रडकुंडीला आलीये. काय लावू?

परसबाग:
मनीप्लांट सोडा, मोहरी घ्या. डब्याच्या झाकणात ओला कापूस, वर मोहरी, तीन दिवस अंधारात. मग बुटाच्या खोक्यात ठेवून एका बाजूला रुपयाएवढं भोक पाडा, कोवळी रोपं काही तासांतच वाकायला लागतात. घटाचं धान बघितलंय ना, देवघराच्या अंधारात उंच, पिवळं आणि खिडकीकडे झुकलेलं, तेच हे. जमलं तर दोन खोकी करा, एका भोकावर निळा जिलेटिन पेपर, दुसऱ्यावर लाल, दोन-तीन पदरी. निळ्याकडे छान वाकतात, लालकडे जवळजवळ नाहीच, कारण ही दिशा रोपाला निळ्या उजेडावरून कळते.

निवृत्त_मास्तर:
ताई, मुलीला "झाडाला ऊन आवडतं म्हणून" असं उत्तर देऊ नको म्हणावं, परीक्षक तिथेच अडवतात. सावलीच्या बाजूला ऑक्झिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, जास्त जमतं, तिथल्या पेशी जास्त लांबतात आणि खोड उजेडाकडे कलतं. डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये छापलेला प्रयोग करून बघा, मला फार आवडतो तो. गवताच्या कोंबाच्या शेंड्याला टोपी घातली तर कोंब वळेना, शेंडा उघडा ठेवून खालचा भाग झाकला तर वळला! म्हणजे उजेड कळतो शेंड्याला आणि वाकतो खालचा भाग. फॉइलच्या टोप्या चालतील, पण मोहरीवर नको, गव्हावर करा, तेही कोंबातून हिरवं पान बाहेर यायच्या आत.

परसबाग:
मास्तर, हे गव्हाचं माहीत नव्हतं, थँक्यू!

केळफूल:
मुळासाठी मोड आलेले हरभरे. काच, ओला टिपकागद, हरभरे, परत काच, रबरबँड. मूळ आडवं येईल असं उभं करून अंधारात ठेवा, सकाळपर्यंत खाली वळलेलं असतं. मग काच चौथाई फिरवा, मूळ परत वळतं, जिन्यासारखं दिसतं.

अबोली:
केवढी मदत केलीत सगळ्यांनी! पण मूळ अंधारात का?

निवृत्त_मास्तर:
नाहीतर कोणीतरी म्हणणार, मूळ उजेडापासून पळालं, आणि मुळं पळतातही. अंधारात फक्त गुरुत्व उरतं. मुळाच्या टोकाला निसर्गतःच एक टोपी असते, तिच्यातले स्टार्चचे जड कण खाली बसतात, मग ऑक्झिन खालच्या बाजूला जमतं, पण मुळामध्ये त्याचं काम उलटं, वाढ मंदावते, म्हणून खालची बाजू मागे पडते आणि मूळ खाली वळतं.

अबोली:
मोहरी पसरली, हरभरे भिजत घातले. गहू उद्या.