शब्दचर्चा: हर्पिसच्या डीएनएचे ‘द्विगुणन’ होते का?

प्रश्न
हर्पिस विषाणूंवर मराठीत लेख लिहिते आहे. ‘रेप्लिकेशन’ला, म्हणजे डीएनएच्या प्रती निघण्याला, आजवर ‘द्विगुणन’ लिहीत आले. पेशी दुभंगण्याआधी डीएनए एकाचा दोन होतो, तिथे शब्द नेमका बसतो. इथे मात्र हात अडखळला. काय लिहावे? आणि विषाणू शरीरात दडून राहतो त्या ‘लेटन्सी’ला ‘सुप्तावस्था’च ना?

प्रतिसाद
अडखळलात ते योग्यच. ओठावर पुटकुळ्या उठवणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्स-१ चा डीएनए सुमारे १,५२,००० बेसजोड्यांचा, कवचात असताना सरळ धाग्यासारखा. पेशीच्या केंद्रकात शिरल्यावर त्याची टोके जुळून कडे होते. पुढे एकाचे दोन, दोनाचे चार हा हिशेब उरत नाही. रिळावरून दोरा सुटत जावा तशी, एकापुढे एक जोडलेल्या प्रतींची लांबलचक माळ तयार होते आणि नव्या कवचांत भरताना ती ठरावीक लांबीवर तोडली जाते. ‘द्विगुणन’ लिहिले की वाचकाच्या डोळ्यांपुढे ही माळ येतच नाही. मी ‘प्रतिकृतिनिर्मिती’ लिहीन. नुसते ‘प्रतिकृती’ नको. ती वस्तू झाली, क्रिया नव्हे.

विषाणूची जनुके तीन टप्प्यांत चालू होतात. त्यांना ‘तत्काळ, पूर्व, उत्तर’ म्हणावे असे सुचवतो. विषाणूने सोबत आणलेले व्हीपी१६ प्रथिन पेशीचीच प्रथिने हाताशी घेऊन तत्काळ जनुके चालू करते. पूर्व जनुकांतून पॉलिमरेजसारखी प्रती काढण्याची अवजारे मिळतात. उत्तर जनुकांतून मुख्यतः कवचाची प्रथिने. त्यांतली काही तर प्रती निघू लागल्याशिवाय व्यक्तच होत नाहीत. ‘उशिराची जनुके’ मला खटकते, कारण त्यात वेळ चुकल्याचा भाव येतो. ‘उत्तररात्र’, ‘उत्तरार्ध’ यांतला ‘उत्तर’ फक्त क्रम सांगतो.

‘सुप्तावस्था’ रुळलेला शब्द आहे, राहू द्या. ‘निष्क्रिय’ मात्र लिहू नका. विषाणू दडून बसतो त्या चेतापेशीत त्याची बहुतेक जनुके मिटलेली असली तरी ‘लॅट’ नावाचा आरएनए तयार होत राहतो.

प्रश्नकर्ती
‘उत्तर’ घेतला. पण ‘उत्तर जनुके’ वाचून कुणाला दिशा आठवेल, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘उत्तरकालीन’ लिहीन.

आणखी एक प्रतिसाद
‘हर्पिस’विषयी थोडे. ग्रीकमध्ये ‘हर्पेइन’ म्हणजे सरपटणे, आणि आपला ‘सर्प’ त्याच मुळाचा. याच कुळातला कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षे चेतापेशींत राहून पुन्हा उठतो, तेव्हा त्या दुखण्याला आपण नागीण म्हणतो. लेखात हा शब्द जरूर घ्या, ‘हर्पिस झोस्टर’ या तिच्या वैद्यकीय नावाच्या आधी.