अँबॅसेडर मार्क २, एसयू कार्बोरेटर: आयडलिंग खाली येत नाही, इंजिन कुठूनतरी हवा ओढतंय

जुनीचाकं

नमस्कार मंडळी,

गाडी अँबॅसेडर मार्क २, १९७२ची. १४८९ सीसी बी-सिरीज इंजिन, एसयू एचएस२ कार्बोरेटर, गाडी पुण्यात. इंजिन गरम झालं की आयडलिंग (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) ११०० आरपीएमच्या खाली येत नाही. आयडल स्क्रू पूर्ण मागे घेतलेला आहे, तरी तेच. जेटचा नट खाली नेत मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त) केलं की इंजिन जरा गुळगुळीत चालतं, पण नट आता वरून मोजून १९ फ्लॅट (नटाच्या सहा बाजूंपैकी एक म्हणजे एक फ्लॅट) खाली गेलाय. हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर कार्बोरेटरमधून फटफट येते. ५०-६० च्या वेगाला मात्र गाडी व्यवस्थित ओढते.

झालेली कामं: प्लग गॅप ०.०२५ इंच, पॉइंट गॅप ०.०१५, टॅपेट थंड इंजिनवर ०.०१५. फ्लोट आणि नीडल व्हॉल्व्ह नवे. इनलेट मॅनिफोल्डवरचा (कार्बोरेटरमधून इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीवरचा) बुचाचा प्लग काढून व्हॅक्यूम गेज लावला, काटा पाऱ्याच्या १२-१३ इंचांवर स्थिर आहे, थरथरत नाही.

गॅरेजमध्ये दोन मतं पडली. एक म्हणतो ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे गाडी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालते. दुसरा म्हणतो कार्बोरेटरच बदला. पार्ट बदलत बसण्याआधी गळती नक्की कुठे आहे ते शोधायचं आहे. क्रम काय ठेवू?

पाना_फिलर

कार्बोरेटर बदलू नका, निदान आत्ता तरी. तुम्ही दिलेल्या माहितीतच अर्धं उत्तर आहे.

थ्रॉटलच्या (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) पुढे, इंजिनाच्या बाजूला जिथून हवा शिरते, तिथून ती जवळपास ठरावीकच शिरते. आयडलिंगला इंजिन एकूण हवाच थोडी घेतं, म्हणून ही चोरटी हवा मोठा हिस्सा होऊन बसते. थ्रॉटल उघडलं की आतला व्हॅक्यूम पडतो, कार्बोरेटरमधून भरपूर हवा येते आणि गळतीचा हिस्सा नगण्य होतो. म्हणून खाली त्रास, वर ठीक. पेट्रोलच कमी पोचत असतं तर उलट झालं असतं, चढावर आणि वेगात गाडीने दम तोडला असता.

ई२० चं म्हणणं अगदी चुकीचं नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे जुन्या सेटिंगवर गाडी लीन होणारच. पण ती सगळ्या वेगांना लीन होईल, आणि त्याने आयडलिंग ११०० वर अडकून राहणार नाही. एचएस२ ची सुरुवातीची सेटिंग म्हणजे जेट हा ब्रिजच्या (कार्बोरेटरमधल्या उंचवट्याच्या) पातळीपासून १२ फ्लॅट खाली, म्हणजे नटाचे पूर्ण दोन फेरे. १९ फ्लॅट हा ई२० चा हिशोब नाही.

गेजचं म्हणाल तर समुद्रसपाटीला निरोगी इंजिन १८ ते २१ इंच दाखवतं. दर हजार फुटांना सुमारे १ इंच कमी धरा. पुणं साधारण १८०० फुटांवर, म्हणजे तुमच्याकडे १६ ते १९ यायला हवेत. १२-१३ आणि काटा स्थिर, हे गळतीचं लक्षण. व्हॉल्व्ह जळलेला असता तर काटा ठेक्यात झटके देत पडला असता. टायमिंग फार मागे असेल तरीही आकडा स्थिर आणि खाली येतो, म्हणून टायमिंग लाइट एकदा लावाच.

गळती शोधण्याआधी दोन गोष्टी बघा. चोकची केबल पूर्ण आत असताना फास्ट आयडल स्क्रू आणि कॅममध्ये ०.०१५ इंच फट राहिली पाहिजे. आणि अ‍ॅक्सिलरेटरची जोडणी सोडून बघा, तीच थ्रॉटल किंचित उघडी धरत नाही ना. हे दोन्ही हुबेहूब व्हॅक्यूम लीकसारखं भासतं. मग एअर क्लीनर काढून, इंजिन चालू असताना कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात घट्ट दाबा. सगळं बंदिस्त असेल तर इंजिन लगेच मरतं. रेंगाळत चालत राहिलं तर हवा दुसरीकडून येते आहे.

घाटमाथा

प्लग काढून रंग बघितलेत का? या इंजिनाच्या हेडला इनलेटची दोनच तोंडं आहेत: १ आणि २ नंबरचं सामाईक, ३ आणि ४ नंबरचं सामाईक. एका टोकाचं मॅनिफोल्ड पॅकिंग गेलं तर जोडीने दोन प्लग पांढरे पडतात आणि दुसरी जोडी बिस्किटी राहते. चारही सारखे पांढरे असतील तर गळती कार्बोरेटरजवळ: थ्रॉटलचा स्पिंडल (झडपेचा दांडा), कार्बोरेटरचं पॅकिंग किंवा मधला काळा इन्सुलेटर ठोकळा. पाना हातात घेण्याआधी एवढी एक गोष्ट करा, निम्मं काम वाचेल.

एकेका प्लगची वायर काढूनही हेच कळतं. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर आरपीएम फारसे उतरत नाहीत, तो आधीच नीट काम करत नव्हता. काढलेली वायर मात्र हवेत लोंबकळत ठेवू नका, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून अर्थ (अर्थिंग) करा. कॉइल आणि रोटर दोन्ही वाचतात.

कोकणरेघ

फवारणीबद्दल कुणी लिहिण्याआधी सांगतो. बी-सिरीजला इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. कार्बोरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या डोक्यावर बसलेला असतो. व्हिडिओत बघून कार्ब क्लीनर मारला आणि तो तापलेल्या ओतीव लोखंडावर ओघळला की भडका. क्लोरिनवाला ब्रेक क्लीनर तर मुळीच नको, त्याची वाफ तापून फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो.

आधी फवारणीविना होणारं करा. ८ मिमीची रबरी नळी, हातभर लांब, एक टोक कानाला, दुसरं टोक जोडांवरून हळूहळू फिरवा. पंख्यापासून जपून. मोठी गळती सूंऽऽ अशी स्पष्ट ऐकू येते. थ्रॉटल स्पिंडलच्या दोन्ही टोकांना जाड ग्रीस थापा. आयडलिंग लगेच खाली आलं तर चोर सापडला. हे इंजिन गरम असतानाही करता येतं.

मॅनिफोल्डच्या जोडासाठी थंड इंजिन चालू करून पहिल्या दोन-तीन मिनिटांत साध्या पाण्याचा बारीक तुषार-पंप वापरा. धार नाही, नुसते तुषार. पाणी क्षणभर फट बुजवतं आणि आरपीएम बदलतात किंवा आवाज बदलतो. तापलेल्या एक्झॉस्टवर पाणी मारून लोखंडाला तडा पाडून घेऊ नका.

यानेही कळलं नाही तर धूर. इंजिन बंद. कार्बोरेटरचं तोंड रबरी टोपीने बंद करायचं, टोपीतून एक नळी आत. काचेच्या बरणीत धूप किंवा उदबत्त्यांचा जुडगा, आणि माशांच्या टाकीचा छोटा पंप. दाब १ पीएसआयच्या आत राहू द्या, एवढ्यासाठी हा पंप पुरे. पिस्टन टीडीसीवर (अगदी वरच्या टोकाला) असताना हे करू नका, तिथे एका सिलिंडरचे इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही थोडे उघडे असतात आणि सगळा धूर सायलेन्सरमधून निघून जातो. क्रँक टीडीसीपासून पाव फेरा पुढे न्या. ऑइल फिलरमधून थोडा धूर येईल, तो रिंगांवरून उतरलेला असतो, त्याकडे लक्ष देऊ नका. थ्रॉटल उघडी धरायला विसरू नका, नाहीतर धूर मॅनिफोल्डपर्यंत पोचणारच नाही. आत पेट्रोलची वाफ असते, म्हणून आधी इंजिन पूर्ण थंड, आणि बरणीतला निखारा नळीपासून लांब. शेजारी अग्निशामक ठेवा.

जुनीचाकं

सगळ्यांचे आभार. निकाल असे:

चोकची फट बरोबर. अ‍ॅक्सिलरेटरची जोडणी सोडूनही फरक नाही. टायमिंग ठीक. तळहात दाबल्यावर इंजिन लगेच मरत नाही, अडखळत चालत राहतं. प्लग १ आणि २ फिकट बिस्किटी, ३ आणि ४ पांढरेफटक. स्पिंडलला ग्रीस थापल्यावर आयडलिंग साधारण १०० ने उतरलं. ४ नंबरच्या बाजूला मॅनिफोल्डच्या जोडावर तुषार मारल्यावर आणखी उतरलं आणि आवाजही बदलला. तिथला नट हाताला घट्टच लागतोय. वरून आणखी आवळू का? आणि डिस्ट्रिब्यूटरच्या व्हॅक्यूम नळीचा रबरी तुकडा चिरलेला दिसतो, त्याचं काय?

घाटमाथा

म्हणजे दोन गळत्या आहेत: मागच्या टोकाचं मॅनिफोल्ड पॅकिंग आणि स्पिंडल. मोठी आधी काढा.

आवळू नका. नट घट्ट असूनही जोड गळतोय याचा अर्थ दाब चुकीच्या जागी पडतोय. या इंजिनावर इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड एकाच जाड वॉशरखाली धरलेले असतात. वॉशरची एक कड इनलेटच्या फ्लँजवर, दुसरी एक्झॉस्टच्या. दोन फ्लँजची जाडी सारखी असेल तरच तो सपाट बसतो. पूर्वी कधी एकाच मॅनिफोल्डला लेथवर किंवा ग्राइंडरवर फेसिंग मारलं (तोंड घासून सपाट केलं) असेल, तर ती फ्लँज पातळ होते, वॉशर तिरका बसतो आणि सगळा दाब जाड फ्लँजवर जातो. पातळ फ्लँज मोकळी राहते. नवं पॅकिंग टाकूनही थोड्याच दिवसांत पुन्हा तेच सुरू होतं ते यामुळे, आणि दोष मात्र पॅकिंगला दिला जातो.

मॅनिफोल्ड उतरवल्यावर व्हर्नियरने प्रत्येक वॉशरच्या जागी दोन्ही फ्लँजची जाडी मोजा आणि लिहून ठेवा. मग स्टीलची सरळ पट्टी हेडच्या तोंडांवर आणि मॅनिफोल्डवर आडवी धरून फिलर गेज घाला. ०.१० मिमीची पात शिरली तर फेसिंग लागेल. फेसिंग करायचं ते दोन्ही मॅनिफोल्ड मिळून, एकाच सेटिंगमध्ये. मधल्या हॉटस्पॉटला (जिथे एक्झॉस्टची उष्णता इनलेटला मिळते) ते एकमेकांना बोल्टांनी जोडलेले असतील तर जोडलेलेच मशीनवर द्या. ग्राइंडरवाल्याला हे तोंडी न सांगता कागदावर लिहून द्या. जाडीत थोडाच फरक असेल तर वॉशरच्या एका बाजूला तेवढीच पायरी घासून घेता येते, तेही चालतं.

पाना_फिलर

बसवताना:

स्टड आधी तपासा. ५/१६ यूएनएफचे असतात, नटाला १/२ इंचाचा पाना. हेडमध्ये स्टड फिरत असेल तर आटे गेलेत, तिथे हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) घाला. वाकलेला किंवा गंजून बारीक झालेला स्टड बदला. नट पितळेचे घ्या, पुढच्या वेळी सुखाने सुटतात.

पॅकिंग कोरडं बसवा. सिलिकॉन लावू नका. साधा सिलिकॉन पेट्रोलने फुगून मऊ होतो आणि त्याचे तुकडे आत ओढले जातात. तोंडं पत्रीने खरवडताना हेडच्या पोर्टात कापडाचे बोळे कोंबा, आणि ते मोजून बाहेर काढा.

हॉटस्पॉटचे बोल्ट सैल ठेवून सगळे नट आधी हाताने टेकवा. मग मधून दोन्ही टोकांकडे, दोन टप्प्यांत, शेवटी १५ पौंड-फूट, म्हणजे साधारण २० न्यूटन मीटर. सगळ्यात शेवटी हॉटस्पॉटचे बोल्ट. हा क्रम उलटा केला तर मॅनिफोल्ड हेडवर सपाट बसण्याआधीच एकमेकांत अडकतात आणि एका टोकाला फट राहते. एकदा पूर्ण गरम करून, पूर्ण थंड झाल्यावर टॉर्क पुन्हा बघा.

व्हॅक्यूम नळीचा चिरलेला तुकडा बदला, पण तुमच्या आयडलिंगचा दोष त्याच्यावर नाही. एचएस२ वर ते भोक थ्रॉटल डिस्कच्या कडेशी, कार्बोरेटरच्या बाजूला असतं. आयडलिंगला तिथे व्हॅक्यूम जवळपास नसतोच, थ्रॉटल थोडं उघडल्यावर येतो. कार्बोरेटरकडचं टोक काढून तोंडाने ओढा: डिस्ट्रिब्यूटरमधली पॉइंटची पाटी सरकली पाहिजे, आणि जिभेने टोक बंद ठेवलं तर तशीच थांबली पाहिजे. हळूहळू परत आली तर डायफ्राम फाटलाय. मायलेज जातं ते तिथे.

कोकणरेघ

स्पिंडलबद्दल. नुसता नवा स्पिंडल घालून बघा, खेळ गेला तर छान. पण बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीतलं भोक अंडाकार झालेलं असतं, मग पितळी बुश मारावे लागतात. दोन्ही बाजूंचे बुश एकाच रीमरने, आरपार, एका रेषेत रीम झाले पाहिजेत. वेगवेगळे रीम केले तर स्पिंडल अडकतो आणि आयडलिंग कधी खाली येतं, कधी येत नाही. असं काम न केलेल्या लेथवाल्याकडे बॉडी देऊ नका.

डिस्क काढण्याआधी तिची बाजू आणि दिशा खुणेने नोंदवा, तिच्या कडा तिरक्या घासलेल्या असतात, उलटी बसली तर बंदच होत नाही. बसवताना स्क्रू सैल ठेवून थ्रॉटल दोन-तीनदा झटक्याने बंद करा, डिस्क आपोआप मध्यावर येते. बॉडी उजेडासमोर धरून कडेने सगळीकडे सारखीच बारीक रेघ दिसते का बघा, मग स्क्रू आवळा. स्क्रूची चिरलेली टोकं फाकवल्याशिवाय कार्बोरेटर बसवू नका. तो स्क्रू सुटला तर थेट सिलिंडरमध्ये जातो.

इन्सुलेटर ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना नवं पॅकिंग, आणि कार्बोरेटरचे नट बेताने. जोर लावून आवळल्याने फ्लँजचे कान पुढे वाकतात आणि मध्यभागी फट पडते. पट्टी लावून बघा, वाकले असतील तर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून घ्या.

जुनीचाकं

मॅनिफोल्ड उतरवला. ४ नंबरच्या वॉशरखाली इनलेटची फ्लँज एक्झॉस्टपेक्षा ०.४ मिमी पातळ आहे. वॉशरवर एकाच कडेला दाबाची खूण आहे, दुसरी कड गंजलेली. दोन्ही मिळून फेसिंगला देतो. बुशचं कामही सोबत. जोडल्यावर मिक्स्चर कुठून सुरू करू?

घाटमाथा

जुनी १९ फ्लॅटची सेटिंग तशीच ठेवलीत तर गळती गेल्यावर इंजिन प्लग काळे करेल. जेट ब्रिजच्या पातळीला आणून १२ फ्लॅट खाली घ्या. डॅशपॉटमध्ये (कार्बोरेटरच्या डोक्यावरच्या तेलाच्या नळीत) एसएई २० तेल. त्याचा आयडलिंगशी संबंध नाही, पण ते नसेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते आणि तुम्ही पुन्हा गळती शोधत बसाल.

इंजिन पूर्ण गरम करून आयडलिंग ६५०-७०० ला आणा. मग कार्बोरेटरच्या पिनने त्याच्यातला पिस्टन १/३२ इंच, म्हणजे जेमतेम ०.८ मिमी उचला. आरपीएम किंचित वाढून परत जागेवर आले तर मिक्स्चर बरोबर. वाढून वाढलेलेच राहिले तर रिच, नट एक फ्लॅट वर. इंजिन बसायला लागलं तर लीन, नट एक फ्लॅट खाली. एका वेळी एकच फ्लॅट फिरवा. ई२० वर १२ पेक्षा दोन-तीन फ्लॅट जास्त लागले तर ते ठीकच आहे. गेज लावलेलाच ठेवा, १६ च्या वर स्थिर राहिला तर तिसरी गळती शोधायची गरज नाही. १४-१५ वर अडकला आणि उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर आला, तर इनलेट व्हॉल्व्हचे गाइड आणि ऑइल सील बघा. हवा तिथूनही शिरते, आणि ती कुठल्याच फवाऱ्याला सापडत नाही.