सव्वातीन वर्षांची लेक अजून स्ट्रोलरमध्ये बसते, कधी बंद करायचं?

चिऊची_आई:
नमस्कार मंडळी, प्रश्न बाळबोध वाटेल पण गेले दोन आठवडे घरात यावरून रोज वाजतंय म्हणून विचारतेच. लेक सव्वातीन वर्षांची आहे. घरात दिवसभर उड्या, सोफ्यावरून खाली आणि खालून परत वर, पण दाराबाहेर पाऊल पडलं की गाडी हवी. पाळणाघर मोठ्या माणसाच्या चालीने पंधरा मिनिटांवर आहे. तिला चालत नेलं तर पन्नास मिनिटं, कारण वाटेतल्या गटाराच्या प्रत्येक झाकणावर उडी मारायची असते, प्रत्येक कठड्यावर चढून उतरायचं असतं, आणि अर्ध्या वाटेत आलो की रस्त्यातच फतकल मारून बसते आणि दोन्ही हात वर. कडेवर घेतली की माझी कंबर संपते. म्हणून मग मी सरळ पट्टा लावते आणि निघते, पोचतो एकदाचे.

परवा लिफ्टमध्ये एक बाई हसत हसत म्हणाल्या, "अगंबाई, एवढी घोडी झाली आणि अजून गाडीत?" मला वाटलं हिला काही कळलं नसेल. संध्याकाळी बघते तर बाहुलीला गाडीत बसवून तिला दटावत होती, तू घोडी आहेस का गं, उतर खाली. मला कसंतरीच झालं.

सासूबाईंचं एकच, आमच्या वेळी कुठे होत्या गाड्या, पोरं चालायचीच. नवरा म्हणतो राहू दे की पाच वर्षांपर्यंत, काय बिघडतंय. माझं मन मात्र खातंय की मी माझ्या सोयीसाठी तिला बांधून ठेवतेय का, पाय कमजोर होतात का याने, आणि नेमकं कितव्या वर्षी बंद करतात लोक? पाय आता पुढच्या पट्टीवरून खाली लोंबतात, कधीकधी जमिनीला घासतात, हेही खरंय.

आजी_दोन_नातवंडांची:
स्पष्ट बोलते, राग मानू नकोस हो. पाय जमिनीला लागतायत म्हणजे गाडी लहान झाली, बाकी चर्चा कशाला.

पण तुझ्या सासूबाईंचं वाक्य मीही माझ्या सुनेला ऐकवलंय म्हणून त्याबद्दल दोन शब्द. आमच्या वेळी गाड्या नव्हत्या हे खरं, पोरं चालायची हे अर्धंच खरं. पोरं कडेवर असायची. आणि कड एकच नव्हती, आई दमली की आत्या, आत्या दमली की काकू, नाहीतर शेजारची मोठी मुलगी. तुमच्याबरोबर रस्त्याने चालायला दुसरं कोणी नाही म्हणून चाकं आली, यात तुझा आळस काय आहे? सासूबाईंना भांडणाच्या सुरात नाही, असंच गप्पांत विचार, तुमची पोरं कोण घ्यायचं म्हणून. गप्प बसतील बघ. मी बसले होते.

पाऊल_थेरपी:
मी लहान मुलांची फिजिओ आहे. हा प्रश्न महिन्यातून चारदा तरी येतो त्यामुळे जरा लांब लिहिते.

पाय कमजोर वगैरे नाही. जी मुलगी दिवसभर सोफ्यावरून उड्या मारतेय तिचे पाय रोज अर्धा तास गाडीत बसून कमजोर होत नाहीत. बघायचं असतं ते दिवसभरात एकूण किती वेळ बांधलेली आहे ते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या त्यात आहे की मूल एका वेळी सलग एक तासापेक्षा जास्त बांधलेलं नसावं, मग ते स्ट्रोलरमध्ये असो, उंच खुर्चीत असो की आईच्या पाठीला, सगळं एकाच मापात. आणि १ ते ४ वर्षांच्या मुलांची दिवसाला निदान १८० मिनिटं हालचाल व्हावी, तीन वर्षं झाली की त्यातली ६० मिनिटं चांगली धापा टाकायला लावणारी. तुमची पंधरा मिनिटं जाऊन पंधरा मिनिटं येऊन कुठेच अडत नाहीत. अडतं कुठे, तर पाळणाघरातून थेट खरेदीला, तिथून कोणाकडे तरी, तिथून घरी, आणि मूल चारला बसलेलं सातला उतरतं, हातात मोबाईल. असे आईबाबा मात्र कधी विचारायला येत नाहीत, येतात तुमच्यासारख्या.

वयाचा आकडा मी देत नाही. गाडीच मर्यादा सांगते. सीटखाली किंवा दांड्यावर स्टिकर असतो, त्यावर वजन बघा. युरोपातलं ईएन १८८८ हे मानक आहे त्याचा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या गाड्यांसाठी आणि दुसरा भाग १५ ते २२ किलोसाठी, त्यामुळे बऱ्याच गाड्या १५ ला संपतात आणि काही २२ पर्यंत जातात. तीन वर्षांचं मूल सरासरी १४ किलोच्या आसपास, चार वर्षांचं १६ च्या. म्हणजे १५ ची गाडी असेल तर साडेतीनच्या आगेमागे ती आपोआपच रिटायर होते. पाय घासतायत ते मात्र आजच बंद करा, पुढच्या चाकात बूट अडकला तर घोटा पिरगळतो. आणि हँडलला पिशव्या लटकवत असाल तर मूल उतरल्याबरोबर हलकी गाडी मागे उलटते, मूल अर्धवट उतरलेलं असतानासुद्धा.

आता जे कोणी सांगत नाही ते. गाडी सोडवायच्या दिवसांत माझ्याकडे हात लुळा पडलेली मुलं येतात. उशीर झालेला असतो, मूल फतकल मारतं, आपण मनगटाला धरून वर खेचतो, आणि कोपराशी हाडाला धरून ठेवणारी पट्टी सरकते. पाच वर्षांखाली ती सैल असते. मूल किंचाळतं आणि मग तो हात वापरतच नाही, अंगाशी धरून बसतं. डॉक्टर मिनिटभरात बसवतात, घरी ओढाताण करून बघू नका. उचलायचं तर दोन्ही काखांत हात घालून. घाईच्या दिवशी बिनधास्त गाडी न्या, हाताला झटका देण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

डॉक्टरांना कधी दाखवायचं: आधी चालायची आणि आता चालायला नको म्हणते, लंगडते, सकाळी उठल्यावर पाय आखडलेले असतात, घरातसुद्धा लवकर बसून घेते, किंवा जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात ठेवत ठेवत वर येते. आणि अठरा महिने झाले तरी चालत नसेल तर, पण तुमचा तो विषय नाही.

दोन_पोरट्यांचा_बाप:
फिजिओ मॅडमना अनुमोदन. आमची फजिती सांगतो.

मोठ्याच्या तिसऱ्या वाढदिवसाला आम्ही एकदम तत्त्वनिष्ठ झालो, उद्यापासून गाडी बंद, आणि लगेच एका ओळखीच्यांना देऊनही टाकली. दुसऱ्या दिवसापासून साहेब माझ्या खांद्यावर. म्हणजे गाडी बंद केली आणि गाढव सुरू केलं, गाढव मी. दोन आठवड्यांनी मान वळेना तेव्हा लाजत लाजत जाऊन तीच गाडी परत मागून आणली, ती लोकं अजून हसतात.

मग एक लक्षात आलं की तो दमत नव्हता, कंटाळत होता. न्यूयॉर्क विद्यापीठात कॅरन अडॉल्फ म्हणून आहेत, लहान मुलं चालतात कशी यावर त्यांचं काम आहे. २०१२ साली त्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांना मोकळं खेळू देऊन पावलं मोजली, तर तासाला सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. तासाला सतरा वेळा पडून उठणारा माणूस काय दमतो हो? त्यांना चालता येतं, कुठेतरी पोचण्यासाठी चालणं त्यांना माहीत नसतं. आपण पोचायला चालतो आणि ती झाकणावर उडी मारायला चालतात, आणि उडी मारायला चालणाऱ्याला चल लवकर चल लवकर म्हटलं की ते फतकल मारणारच, मी पण मारीन.

तर आम्ही वाट वाटून घेतली. घरापासून दोन नंबरच्या खांबापर्यंत चालायचं, मग गाडी, मग शेवटच्या वळणापासून पुन्हा चालत, म्हणजे पाळणाघराच्या दारात ऐटीत स्वतःच्या पायाने शिरायचं. खांब दर आठवड्याला एकेक पुढे. त्याला ते इतकं आवडलं की एक दिवस खांब आला तरी थांबायला तयार नाही, मीच ओरडतोय अरे बस की आता, मला उशीर होतोय. निघायचं मात्र वीस मिनिटं आधी, याला शॉर्टकट नाही. आणि रिकामी गाडी त्याला ढकलायला द्यायची, फक्त उतारावर आणि रस्ता ओलांडताना दांडा आपल्या हातात.

धाकटी झाली तेव्हा हा चारचा होता आणि अचानक त्याला पुन्हा गाडी हवी. मागे जोडायची चाकांची पाटी मिळते, वर उभं राहायचं. ती लावली. पंधरा दिवसांत कंटाळला.

अबोली:
विषयाला थोडं सोडून आहे पण लिहिते. माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, स्नायूंचा ताण जन्मापासून कमी आहे, त्याची मोठी गाडी आहे. तो चालतो, पण किती चालेल ते आधी सांगता येत नाही. लोकांना सगळ्यात जास्त राग कधी येतो माहितीये का, तो गाडीतून उतरून चार पावलं चालतो तेव्हा. बघा, येतंय की चालायला. हे वाक्य मी आता चेहरा बघून ओळखते, तोंडातून यायच्या आधी.

त्यामुळे लिफ्टमधल्या बाईंना कारण द्यायच्या भानगडीत पडू नका. तुमच्याकडे कारण असो नसो. आणि लेकीला मात्र सांगा की घोडी वगैरे काही नाही, गाडी म्हणजे बसायची जागा आहे.

निशाचर:
नवऱ्याच्या बाजूने कोणीच नाही म्हणून मी. पाचपर्यंत रोज नको हे मान्य, पण गाडी काढून टाकायची घाई करू नका. विमानतळ, दवाखाना, रात्री उशिरा परत येणं, गर्दीत हात सोडून पळणारं पोर, इथे चार वर्षांच्या मुलालाही गाडी लागते. घडीची हलकी गाडी मुळात प्रवासासाठीच निघाली. ओवेन मॅक्लारेन नावाचे विमानांचे इंजिनिअर होते, १९६५ च्या सुमारास त्यांनी ती बनवली, वजन तीन किलोच्या आत, छत्रीसारखी मिटवायची आणि काखोटीला मारायची. आधीचं काम त्यांचं लढाऊ विमानाची चाकं आत दुमडण्याचं. उगाच माहिती म्हणून.

अजून एक, धाकटं असणाऱ्यांसाठी. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात २००८ मध्ये बघितलं होतं की बाळाचं तोंड ढकलणाऱ्याकडे असेल तर आई साधारण दुप्पट बोलते. आपल्या सव्वातीनवालीला हे लागू नाही, पण तोंड पुढे असलेल्या गाडीत मागून बोललेलं तिला ऐकू येत नसतं आणि आपण म्हणतो ऐकतच नाही. माझ्या मुलाशी मी सहा महिने त्याच्या टोपीशी बोलत होतो.

आजी_दोन_नातवंडांची:
निशाचर, दवाखाना, रात्र सगळं मान्य, पण घरात दारातच उभी दिसली की पोरं मागतातच. आत ठेवा, माळ्यावर. लागेल तेव्हा काढा.

चिऊची_आई:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. स्टिकर शोधला, सीटच्या खाली धुळीत होता, १५ किलो. लेक काल काट्यावर १४.६. म्हणजे निर्णय काय तो गाडीनेच घेतलाय. पाय ठेवायची पट्टी एक खाच खाली सरकते हे तीन वर्षांत पहिल्यांदा कळलं, सरकवली, आता घासत नाहीत. हँडलवरच्या पिशव्या काढल्या. आणि हाताचं वाचून पोटात गोळा आला कारण मागच्याच आठवड्यात मी तिला असंच मनगट धरून उठवलं होतं, काही झालं नाही नशीब.

अबोली, तुमचं दोनदा वाचलं.

सासूबाईंना आजींनी सांगितलं तसं विचारलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की धाकटा दीर चार वर्षांचा होईपर्यंत त्यांच्या नणंदेच्या कडेवर होता आणि तिची कंबर तेव्हापासूनच धरते.

चिऊची_आई:
पाच आठवडे झाले म्हणून कळवते, नाहीतर असे धागे अर्धवट राहतात आणि वाचणाऱ्याला कळतच नाही पुढे काय झालं.

खांबांची युक्ती पहिल्या आठवड्यात साफ फसली. तिला खांबांशी काही घेणंदेणं नाही. झाकणं चालली. पाच झाकणं चालत, मग गाडी. दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि चार दिवस गाडीतच, मी काही वाईट वाटून घेतलं नाही. आता पंचवीस-तीस मिनिटांत पोचतो, तेही मी आधी निघाले तर, आणि आठवड्यातून एखाद दिवस सरळ पट्टा लावून नेते कारण मीटिंग असते. गाडी माळ्यावर अजून गेली नाही, कारण रिकामी ढकलायला तिला हवी असते. रिकामी म्हणजे बाहुली असते आत, पट्टा लावून, पट्टा तिचा तीच लावते आणि क्लिप लागल्याचा टक् आवाज आल्याशिवाय निघू देत नाही.

काल लिफ्टमध्ये नेमक्या त्याच बाई. आत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, अरे वा, आज कोण बसलंय गाडीत? तर ही अगदी शांतपणे म्हणते, "घोडी आहे. दमलीय."